तळ्याचे टिकणे आणि जनुकांची साक्ष : जालना जिल्ह्यातील लघु जलपरिसंस्थांच्या अभ्यासपद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

जालना जिल्ह्याची ओळख बियाण्यांचा जिल्हा अशी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये देशात लागवडीस मान्यता मिळालेल्या बीटी कापसाशी याच कंपनीचे नाव जोडले गेले. जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील दावलवाडीच्या संशोधन केंद्रामुळे 'जनुक' हा शब्द या परिसरातील शेतकऱ्यालाही अपरिचित राहिलेला नाही. मात्र ज्या जिल्ह्यात पिकांच्या जनुकांचा एवढा सूक्ष्म विचार झाला, त्याच जिल्ह्यातील तलाव, डोह, पाझर तलाव आणि शेततळी यांच्याकडे त्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्या महाविद्यालयीन संशोधनाला अद्याप पुरेशी लागलेली नाही.

लहान जलपरिसंस्था स्वतःला कशी टिकवून धरते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रचलित पद्धती कितपत पुरेशी आहे, अनुवंशशास्त्र त्यात नेमकी कोणती भर घालते आणि त्या भरीच्या मर्यादा कोणत्या, याची चिकित्सा येथे केली आहे. हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागापुरता नाही. तलावातील गाळ काढावा की नाही, काढल्यास किती व कोठून, शेततळ्यात कोणते मासे सोडावेत, यांसारखे प्रशासकीय व आर्थिक निर्णय त्याच्याशी निगडित आहेत. म्हणून बहुविद्याशाखीय व्यासपीठावर त्याची चर्चा होणे उचित ठरते.

'टिकणे' या संकल्पनेचा अर्थ

तलाव हे एक स्वयंपूर्ण लघुविश्व आहे, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन फोर्ब्स यांनी १८८७ मध्ये मांडली. त्यानंतर जलजीवशास्त्राची वाटचाल बरीच झाली. परंतु 'टिकणे' या शब्दाचा अर्थ अनेक निबंधांत गृहीतच धरला जातो. किमान तीन अर्थ वेगळे केल्याशिवाय पुढील चर्चा स्पष्ट होणार नाही.

पहिला अर्थ पुनरागमनाचा. जालना जिल्ह्यात वार्षिक पर्जन्यमान सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर असून त्यातील बहुतांश पाऊस चार महिन्यांत पडतो. अनेक लहान तळी उन्हाळ्यात कोरडी पडतात. २०१२-१३ च्या दुष्काळात तर जिल्ह्यातील जलसाठ्यांची दैना सर्वांनी पाहिली. असे असूनही पहिल्या मोठ्या पावसानंतर काही दिवसांतच पाण्यात जलपिसवा, रोटिफर, शिंपलीकवचाचे सूक्ष्म कवचधारी प्राणी वळवळू लागतात. हे जीव येतात कोठून?

दुसरा अर्थ चक्राचा. कार्बन, नत्र, गंधक, स्फुरद हे घटक पाण्यातून सजीवांत, सजीवांतून गाळात आणि गाळातून पुन्हा पाण्यात फिरत राहिले तरच तळे जिवंत राहते. हे फिरवण्याचे काम मुख्यतः डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव करतात.

तिसरा अर्थ बदलाचा. पाण्यात सांडपाणी येते, क्षार वाढतात, कीटकनाशके उतरतात. अशा वेळी परिसंस्था जशीच्या तशी राहिली म्हणून टिकली, असे होत नाही. तिच्यातील सजीवांची आनुवंशिक घडण बदलली म्हणून ती टिकलेली असते. बाहेरून नाव तेच आणि आतून जीव बदललेला, अशी ही स्थिती असते.

या तीन अर्थांपैकी पहिल्याचे उत्तर गाळात, दुसऱ्याचे सूक्ष्मजीवांत आणि तिसऱ्याचे जनुकांच्या बदलत्या प्रमाणात शोधावे लागते.

प्रचलित अभ्यासपद्धतीची चिकित्सा

मराठवाड्यातील जलाशयांवर गेल्या काही दशकांत महाविद्यालयीन प्राध्यापकांनी व संशोधक विद्यार्थ्यांनी पुष्कळ काम केले आहे. त्याचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. एक जलाशय निवडावयाचा, दोन-तीन नमुना केंद्रे ठरवावयाची, दरमहा पाण्याचे तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट व फॉस्फेट मोजावयाचे, जाळीने प्लवक गोळा करावयाचे, फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावयाचे आणि शेवटी शॅनन-वीनर निर्देशांक काढून 'जलाशय मध्यम प्रदूषित आहे' असा निष्कर्ष नोंदवावयाचा.

या परिश्रमांना कमी लेखण्याचे कारण नाही. नियमित मासिक नोंदी ठेवणे हे कष्टाचे काम असून त्याचे मोल पुढे स्पष्ट होईल. परंतु या साच्यातील तीन त्रुटींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

पहिली त्रुटी नामकरणाची आहे. 'ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस' हा रोटिफर आपल्याकडील याद्यांमध्ये वारंवार आढळतो आणि त्याची उपस्थिती पोषकद्रव्यांच्या अतिरेकाची खूण मानली जाते. परंतु जनुकीय अभ्यासांनी असे दाखविले आहे की हे एक नाव नसून नावाखाली दडलेला प्रजातींचा समूह आहे. २०१८ मध्ये या समूहातील चार प्रजाती औपचारिकरीत्या वेगळ्या करण्यात आल्या. त्याच वंशातील 'ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस' या नावाखाली तर पंधरा प्रजाती असल्याचे २०१७ च्या एका विस्तृत अभ्यासाने मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या या प्रजातींच्या क्षार, तापमान व अन्न यांविषयीच्या गरजा मात्र भिन्न असू शकतात. मग जूनमध्ये दिसलेला आणि जानेवारीत दिसलेला 'तोच' रोटिफर खरोखर तोच होता का, हा प्रश्न आपल्या तक्त्यांना विचारावा लागतो. नाव एकच असल्यामुळे प्रजाती ऋतूनुसार बदलली असली तरी तक्त्यात ती वर्षभर टिकलेली दिसते. टिकण्याचा आभास नामकरणातून निर्माण होतो, हा धोका लहान नाही.

दुसरी त्रुटी निवडीची आहे. जाळीत सापडते ते मोजले जाते. सूक्ष्मजीव जाळीतून निसटतात. प्रयोगशाळेतील माध्यमावर वाढविता येणारे जीवाणू हे निसर्गातील जीवाणूंचा अल्प अंश असतात. म्हणजे परिसंस्थेचे चक्र चालविणारा मोठा वर्ग आपल्या अभ्यासाबाहेर राहतो.

तिसरी त्रुटी तर्काची आहे. विविधतेचा निर्देशांक हा त्या दिवशीच्या उपस्थितीचा सारांश असतो. त्यावरून तळे पुढील दुष्काळातून वाचेल की नाही हे सांगता येत नाही. घरातील माणसांची शिरगणती केली म्हणजे घराचा संसार कसा चालतो हे कळले, असे कोणी म्हणत नाही. जलाशयाच्या बाबतीत मात्र आपण तसे म्हणत आलो आहोत.

लोणार : यादीकडून कार्याकडे

जनुकीय पद्धतीने लहान जलपरिसंस्थेचा अभ्यास कसा पुढे जातो, याचे उदाहरण परदेशात शोधण्याची गरज नाही. जालना जिल्ह्याच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. बेसाल्ट खडकातील उल्काघाताने निर्माण झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात क्षारयुक्त व तीव्र अल्कधर्मी पाणी आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नैसर्गिक निर्गम नसलेले, सीमा स्पष्ट असलेले आणि मोजक्या जीवगटांवर चालणारे हे सरोवर 'परिसंस्था स्वतःला कशी चालविते' या प्रश्नासाठी जणू तयार प्रयोगपात्र आहे.

२००६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे व आघारकर संशोधन संस्थेतील दिलीप रानडे यांच्यासह काही संशोधकांनी लोणारच्या सूक्ष्मजीव विविधतेचा रेणवीय अभ्यास प्रसिद्ध केला. जीवाणू प्रयोगशाळेत वाढविण्याऐवजी थेट गाळातून व पाण्यातून डीएनए काढून, त्यातील १६-एस आरएनए जनुकांच्या क्रमावरून गट ओळखण्याची ही पद्धत होती. कार्ल वूस व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या आधारे आर्किया हा सजीवांचा स्वतंत्र गट असल्याचे दाखविले होते. लोणारच्या अभ्यासामुळे जाळीत व काचपात्रात न येणारा एक मोठा समाज प्रथमच नजरेत आला. तथापि चिकित्सक दृष्टीने पाहता, हीदेखील एक यादीच होती. अधिक खोल, अधिक प्रामाणिक, तरीही यादीच. तळ्यात कोण राहतो हे तिने सांगितले. कोण काय करतो हे त्यातून केवळ अनुमानानेच कळत होते.

पुढची पायरी २०१० च्या संशोधनाने गाठली. शौचे यांच्या गटाने ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठाच्या कॉलिन मरेल यांच्या गटाबरोबर लोणारच्या गाळाचे छोटे प्रयोगसंच तयार केले आणि त्यांना जड कार्बनयुक्त मिथेन, मिथेनॉल व मिथिलअमाइन ही द्रव्ये पुरविली. ज्या सूक्ष्मजीवांनी ती द्रव्ये खाल्ली त्यांच्या डीएनएमध्ये जड कार्बन शिरला आणि तो डीएनए वेगळा काढता आला. येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. 'कोण आहे' याऐवजी 'कोण काम करीत आहे' हे विचारले गेले. गाळात तयार होणारा मिथेन वर हवेत निघून जाण्यापूर्वी कोण अडवतो व त्यातील कार्बन अन्नसाखळीत परत कोण आणतो, हा 'टिकण्या'च्या दुसऱ्या अर्थाचा गाभा आहे. लेखकाच्या मते लोणारवरील जनुकीय संशोधनाचे खरे महत्त्व या पद्धतीय वळणात आहे. सापडलेल्या नावांच्या संख्येत नाही.

तिसरा प्रसंग जून २०२० मधील. टाळेबंदीच्या काळात सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि नाना तर्क सुरू झाले. आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रिय आर्कियांमुळे हा रंग आल्याचे आढळले. कोणी रंग बदलला याचे उत्तर मिळाले. परंतु त्याच वर्षी का, याचे उत्तर पाण्याची घटलेली पातळी व वाढलेली क्षारता यांच्याकडे पाहिल्याशिवाय देता येत नाही. म्हणजेच जनुकीय साक्षीला भौतिक-रासायनिक नोंदींची जोड अपरिहार्य आहे. आपल्या महाविद्यालयांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या मासिक तक्त्यांचे मोल येथे सिद्ध होते. नव्या पद्धतीमुळे ते तक्ते निरुपयोगी होत नाहीत; उलट त्यांना प्रथमच योग्य प्रश्न मिळतो.

गाळ : तळ्याची स्मृती

आता जिल्ह्यातील अधिक तातडीच्या विषयाकडे वळू. जलपिसवांच्या अनेक प्रजाती प्रतिकूल काळात टणक आवरणाची सुप्त अंडी घालतात. ही अंडी गाळात बसतात व वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. रोटिफर, कोपेपॉड आणि तात्पुरत्या डबक्यांतील परीकोळंबी यांच्याकडेही अशीच तजवीज असते. पश्चिम घाटातील अशा तात्पुरत्या पाणवठ्यांतून 'स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस' ही परीकोळंबीची प्रजाती २०१४ मध्ये नव्याने वर्णिली गेली, यावरून महाराष्ट्रातील साध्या डबक्यांतही किती अपरिचित जीवन आहे याची कल्पना यावी.

या सुप्त अंड्यांनी जनुकशास्त्रज्ञांना एक अपूर्व संधी दिली. १९९९ मध्ये नेल्सन हेअरस्टन व सहकाऱ्यांनी मध्य युरोपातील कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळाच्या वेगवेगळ्या थरांतून डाफ्नियाची अंडी काढून उबविली. सरोवरात सांडपाण्यातील स्फुरद वाढून विषारी नीलहरित जीवाणू बोकाळले होते. त्यापूर्वीच्या थरांतील डाफ्नियांना हे अन्न बाधत असे. नंतरच्या थरांतील डाफ्निया त्याला बऱ्याच प्रमाणात सरावल्या होत्या. प्रजातीचे नाव कायम होते, घडण मात्र काही दशकांत बदलली होती. २००७ मध्ये एलेन डेकास्टेकर व सहकाऱ्यांनी बेल्जियममधील एका तळ्याच्या गाळातून डाफ्निया व तिचा परजीवी जीवाणू या दोघांनाही थरांनुसार जागे केले आणि त्यांची परस्परांशी चाललेली शर्यत दाखविली. २०१४ मध्ये तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका तलावातून सुमारे ७०० वर्षांपूर्वीची अंडी उबविल्याचे प्रसिद्ध झाले.

या संशोधनांतून निघणारा अर्थ जालन्यासाठी महत्त्वाचा आहे. गाळ हा तळ्यात साचलेला केर नाही, ती तळ्याची स्मृती आहे. कोरड्या वर्षानंतर तळे पुन्हा भरते तेव्हा त्यातील बरेचसे जीवन याच स्मृतीतून उठते. विविध वर्षांतील, विविध परिस्थितींत तावून निघालेल्या पिढ्यांची जनुके त्या अंड्यांत साठलेली असल्यामुळे पुढील वर्ष कसेही आले तरी त्याला तोंड देणारा एखादा वंश निघण्याची शक्यता राहते.

आता आपल्या धोरणाकडे पाहू. २०१७ मध्ये राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. जलाशयांची साठवण क्षमता वाढावी व सुपीक गाळ शेतात जावा, हे दोन्ही हेतू दुष्काळी जिल्ह्यासाठी योग्यच आहेत. जालना शहराला पाणी पुरविणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी जलाशयातील गाळ काढण्यासाठी नागरिकांनी केलेले प्रयत्नही प्रशंसनीय आहेत. ज्या शहराने टँकरच्या रांगा पाहिल्या त्याला गाळ काढू नका असे सांगणे हे संशोधकाचे काम नव्हे. परंतु संपूर्ण तळ एकाच उन्हाळ्यात खरवडला गेला तर साठवण वाढते आणि त्याच वेळी अंडीकोश शेतात पसरला जातो, ही बाब योजनेच्या चर्चेत अभावानेच येते. जगू शकणारी अंडी प्रामुख्याने गाळाच्या वरच्या थरांत असतात, म्हणजे जेसीबीचा पहिलाच घास त्यांचा असतो. जलपिसवा हरित शैवाल खाऊन पाणी निवळ ठेवतात. त्यांच्या पुनरागमनाला विलंब झाल्यास शैवालाला मोकळे रान मिळण्याचा धोका असतो. तेव्हा हा प्रश्न केवळ जैवविविधतेचा नाही, तो पिण्याच्या पाण्याचाही आहे.

येथे एक घरगुती उपमा समर्पक ठरेल. दह्याचे भांडे रिकामे करताना गृहिणी थोडे विरजण राखून ठेवते. तलावाच्या बाबतीतही तळाचा काही भाग न खरवडता राखणे, गाळ एकाच वर्षी न काढता भागाभागाने काढणे आणि काढलेल्या वरच्या थरातील थोडा गाळ बाजूला ठेवून पुन्हा तळात पसरणे, या सूचना अव्यवहार्य नाहीत. त्यांचा लाभ किती होतो हे तपासणे हे मात्र संशोधकांचे काम आहे.

शेततळी : अनायासे उभा राहिलेला प्रयोग

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकास व शेततळी यांसाठी राज्यभर परिचित आहे. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर अशा जलसाठ्यांची भर राज्यभर पडली. यांपैकी अनेक तळी प्लॅस्टिकच्या अस्तराची असतात. त्यांना जुना गाळ नाही, म्हणून स्मृतीही नाही. तेथे येणारा प्रत्येक जीव वाऱ्याने, पक्ष्याच्या पायाला चिकटून, विहिरीच्या पाण्यातून किंवा मत्स्यबीजाच्या पिशवीतून आलेला असतो.

बेल्जियन संशोधक लुक डी मीस्टर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या 'मक्तेदारी' सिद्धांतानुसार, नव्या तळ्यात प्रथम पोहोचलेले थोडे जीव वेगाने वाढतात, स्थानिक परिस्थितीशी जुळवून घेतात आणि स्वतःचा अंडीकोश तयार करतात. नंतर येणाऱ्यांना तेथे शिरकाव कठीण जातो. त्यामुळे परस्परांजवळची तळीदेखील आनुवंशिकदृष्ट्या वेगळी असू शकतात. वय ज्ञात असलेली, एकाच हवामानातील, अस्तराची व बिनअस्तराची शेकडो तळी एका जिल्ह्यात उपलब्ध असणे ही या सिद्धांताच्या परीक्षणासाठी मोठी संधी आहे. परदेशी विद्यापीठांना असा प्रयोग खर्च करून उभारावा लागतो. येथे तो शेतकऱ्यांनी आपल्या गरजेतून उभारून ठेवला आहे.

आनुवंशिक विविधतेमुळे परिसंस्थेची चाल कशी बदलते, हे २००३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील ताकेहितो योशिदा व सहकाऱ्यांच्या प्रयोगाने दाखविले. प्रयोगशाळेतील पात्रांत क्लोरेला शैवाल व त्याला खाणारा ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस हे दोनच जीव ठेवले होते. शैवाल एकाच वंशाचे असताना भक्ष्य-भक्षकांची चक्रे लहान व पाठ्यपुस्तकात दाखवितात तशी झाली. शैवालात अनेक वंश मिसळलेले असताना चक्रे लांबली आणि त्यांचा परस्परांशी असलेला मेळच बदलला. दोन्ही पात्रांतील प्रजातींची यादी मात्र एकच होती! ज्या रोटिफरची नोंद आपण तक्त्यात 'उपस्थित' अशी करतो, त्याच्याच साहाय्याने यादीचे अपुरेपण सिद्ध व्हावे, हे बोलके आहे.

मत्स्यबीजाचा मुद्दा थोडक्यात मांडावयाचा तर, कटला, रोहू, मृगळ यांचे बीज मोजक्या प्रजननकेंद्रांतून सर्वत्र जाते. प्रजननासाठी वापरलेले मासे थोडे असल्यास आनुवंशिक विविधता घटते व एकाच टाकीतील मिश्र प्रजननातून संकरही निर्माण होतात. तळ्यात मासे विपुल दिसतात, पण त्यांचा आनुवंशिक पाया अरुंद असू शकतो.

जनुकीय पद्धतीच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून अनुवंशशास्त्र हे सर्व प्रश्नांचे उत्तर आहे असा समज होऊ नये. नव्या तंत्राविषयीची भाबडी श्रद्धा ही जुन्या साच्याइतकीच घातक आहे.

पाण्यात विरघळलेल्या डीएनएवरून प्राण्याचे अस्तित्व ओळखण्याची पद्धत फ्रान्समधील तळ्यांतील बेडकांवर २००८ मध्ये यशस्वी झाली. परंतु डीएनए सापडला म्हणजे जीव तेथे जिवंत आहे असे नव्हे. तो वरच्या ओढ्यातून वाहत आलेला, पक्ष्याच्या विष्ठेतला किंवा मेलेल्या जीवाचा असू शकतो. उलट मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उथळ व तापलेल्या पाण्यात तो लवकर नष्ट होतो, म्हणून न सापडणे हाही अनुपस्थितीचा पुरावा ठरत नाही. काळ्या गाळातील सेंद्रिय द्रव्ये डीएनएच्या प्रतिकृती बनविण्याच्या क्रियेत अडथळा आणतात, हीही व्यावहारिक अडचण आहे.

दुसरी मर्यादा संदर्भसंग्रहाची. पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये पुढे आणलेल्या डीएनए बारकोड पद्धतीत सुमारे ६५० अक्षरांचा जनुकखंड वाचून प्रजाती ओळखली जाते. पण ओळख पटविण्यासाठी तुलनेचा नमुना आधी संग्रहात असावा लागतो. भारतीय गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांचे नमुने त्या संग्रहात अपुरे आहेत. अशा वेळी संगणक जवळचे परदेशी नाव देतो आणि आपण ते निष्कर्ष म्हणून छापतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली प्रजाती ओळखणारा वर्गीकरणतज्ज्ञ या युगात अनावश्यक ठरत नाही. त्याच्याशिवाय जनुकक्रम मुका राहतो.

तिसरी मर्यादा वैचारिक आहे. हजारो जनुकक्रमांचा रंगीत आलेख हा शंभर नावांच्या तक्त्याहून भारदस्त दिसतो. पण त्यामागे प्रश्न नसेल तर तो महागडा तक्ताच होय. २०११ मध्ये डाफ्नियाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि त्यात ३०,००० हून अधिक जनुके असल्याचे आढळले. त्यांतील अनेक जनुकांचे कार्य परिस्थितीच्या संदर्भातच उलगडते, हा त्या संशोधनाचा महत्त्वाचा धडा आहे. तळे समजल्याशिवाय जनुकही समजत नाही.

महाविद्यालयांसाठी काही सूचना

तालुका पातळीवरील महाविद्यालयात जनुकक्रम वाचण्याचे यंत्र नसते व त्याची आवश्यकताही नाही. ते काम शुल्क देऊन बाहेरून करून घेता येते. आवश्यक आहे ती नमुन्यांच्या हाताळणीत सुधारणा. आपल्याकडे प्लवकांचे नमुने प्रायः फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. त्यात आकार टिकतो, पण डीएनए विस्कटतो. परिणामी अनेक वर्षांच्या श्रमाने जमविलेले नमुने जनुकीय अभ्यासासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतात. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग तीव्र अल्कोहोलमध्ये, शीतपेटीत ठेवला तरी पुढील पिढीला तो वापरता येईल. अल्कोहोलसाठी लागणाऱ्या परवान्याची औपचारिकता आहे, पण ती पार पाडण्याजोगी आहे.

दुसरी सूचना गाळाविषयी. उन्हाळ्यात कोरड्या तळ्यातील वरच्या थराचा थोडा गाळ आणून स्वच्छ पाण्यात भिजविला की काही दिवसांत त्यातून कोणते जीव निघतात हे पदवीच्या विद्यार्थ्यालाही पाहता येते. गाळ काढण्यापूर्वी व नंतर, राखलेल्या व खरवडलेल्या भागांत हा प्रयोग केला तर प्रशासनाला उपयोगी पडेल असा स्थानिक पुरावा तयार होईल. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांच्या पद्धतीने काचेच्या नळकांड्यात गाळ, कागदाचा लगदा व थोडे गंधक भरून उन्हात ठेवले तर रंगीत जीवाणूंचे थर तयार होतात व स्वतःचे चक्र स्वतः चालविणारी परिसंस्था वर्गातच उभी राहते.

तिसरी सूचना सहकार्याची. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करणे अपेक्षित आहे. गावातील कोणते तळे कोणत्या वर्षी आटले, कोणत्या वर्षी गाळ निघाला, मासे कधी सोडले, ही माहिती शेतकरी व मच्छीमार यांच्याकडे असते. गाळाच्या थरांचा अर्थ लावण्यासाठी ती जनुकक्रमाइतकीच मोलाची आहे. येथे इतिहास, भूगोल व समाजशास्त्र विभागांनाही काम आहे.

समारोप

वरील चिकित्सेवरून असे म्हणता येईल की, लहान जलपरिसंस्थांचा प्रचलित अभ्यास 'काय आहे' याची नोंद चांगली करतो. परंतु 'ते कसे टिकते' या प्रश्नापाशी थांबतो. जनुकीय पद्धती नावांमागील दडलेल्या प्रजाती, गाळातील सुप्त पिढ्या, सूक्ष्मजीवांचे प्रत्यक्ष कार्य आणि एकाच नावाखाली घडलेला बदल दृष्टीस आणते. लोणारवरील संशोधनाने यादीकडून कार्याकडे जाण्याची दिशा दाखविली आहे. मात्र मासिक नोंदी, वर्गीकरणाचे कौशल्य व स्थानिक माहिती यांच्या आधाराशिवाय ही पद्धती पोकळ राहील.

बियाण्याची उगवणशक्ती तपासल्याशिवाय पेरणी करू नये, हे जालन्याच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तळ्याच्या तळाशीही बियाणे आहे. ते ट्रॉलीत भरून शेतात टाकण्यापूर्वी त्याची उगवण एकदा तपासून पाहावी, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.